आजीची गोष्ट लिहायला बसताना

वंशावळीपासून सुरुवात करू नकोस. तिथे बाई कुणाची तरी मुलगी, कुणाची तरी बायको एवढीच उरते. बरेचदा माहेरचं नावही नसतं. सरकारी कागदांचाही कल तोच. इंग्लंड-वेल्सच्या १८८१च्या जनगणनेत घर सांभाळणाऱ्या बायका सरळ बिनव्यवसायी गटात टाकल्या होत्या. त्यामुळे व्यवसायाचा रकाना कोरा दिसला, तरी ती रिकामी बसली होती असं समजू नकोस.

बोलायला बसशील तेव्हा घरातली इतर मंडळी शक्यतो आसपास नसावीत. नवरा किंवा मुलगा समोर असला की बाई वाक्य अर्ध्यात सोडते आणि तोच ते पुरं करतो. ‘तुमचं आयुष्य कसं होतं?’ असं विचारलंस, तर ‘काय सांगायचं, सगळ्यांसारखंच’ एवढंच हाती लागेल. त्यापेक्षा विचार: घरात सगळ्यात आधी कोण उठायचं? पैसे कुणाच्या हातात असायचे? तुम्ही आजारी पडलात की उशाशी कोण बसायचं? ती गप्प झाली तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नकोस, थांब.

आणि कृपा करून तिला त्यागमूर्ती करू नकोस. ती सुनेशी कठोर वागली असेल, तर तेही लिही. मात्र कुणालाही दाखवण्याआधी तिला वाचून दाखव. एखादी गोष्ट वगळ म्हणाली, तर वगळ.