कोल्हापुरात मुलांचा आहार, झोप, वाढ सगळं बघून घरच्यांना नीट समजावून सांगणारे बालरोगतज्ज्ञ कसे ओळखायचे? अशा सल्ल्याला जादा फी द्यावी का?

फी द्यावी. अर्धा-पाऊण तास देणाऱ्या डॉक्टरला दिलेले पैसे वाया जात नाहीत. मात्र 'सर्वांगीण' अशी पाटी लावून शेवटी स्वतःच्याच काउंटरवरचे प्रतिकारशक्तीचे थेंब आणि पावडरी गळ्यात मारत असतील, तर तिथून सरळ उठावं.

कसे ओळखायचे, तर डॉक्टर कुणाकुणाला आत बोलावतात ते बघा. माझी मुलगी दोन वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. जेवणाच्या नावानं बोंब, सदा किरकिर, चेहरा पांढुरका, आणि भिंतीचे पोपडे काढून चाटायची. आधीच्या डॉक्टरांनी भुकेचं टॉनिक लिहून दिलं. तिला तपासायला जेवढा वेळ लागला, त्याहून जास्त वेळ आम्ही केस पेपरच्या रांगेत होतो. दूध जास्त होतंय, हे मी घरात ओरडून सांगत होते. पण आमचं घर शिवाजी पेठेतलं, सासरे तालमीतले. संध्याकाळी नातीला गंगावेशीतल्या कट्ट्यावर नेऊन म्हशीचं धारोष्ण दूध पाजायचं, हा त्यांचा नेम. "दुधानं कुणाचं वाईट झालंय व्हय?" म्हटलं की विषय संपायचा.

दुसऱ्या डॉक्टरबाईंनी पहिलाच प्रश्न केला, "हिला भरवतं कोण?" मी नोकरी करते, त्यामुळे भरवतात सासू-सासरे. "मग पुढच्या वेळी त्यांना घेऊन या," म्हणाल्या. सासरे, म्हणजे आमचे मामा, आले. दूध किती पिते विचारल्यावर म्हणाले, थोडंसंच. बाईंनी ड्रॉवरमधून स्टीलचे तीन लहान-मोठे पेले काढून टेबलावर मांडले. मामांनी सगळ्यात मोठ्यावर बोट ठेवलं. सकाळी एक, दुपारी एक, कट्ट्यावर एक आणि रात्री झोपताना बाटली. बाईंनी त्यांच्यासमोरच पाण्यानं मोजून दाखवलं. लिटरच्या वर गेलं. मग मुलीची खालची पापणी ओढून आतला फिकट रंग मामांना दाखवला आणि शेजारी स्वतःच्या पापणीचा लाल. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 7.6. दोन ते पाच वर्षांच्या मुलांत 11 च्या खाली गेलं की ॲनिमिया धरतात.

लिटरभर दुधात लोह अगदीच थोडं असतं आणि या वयात दिवसाला साधारण 8 मिलिग्रॅम लागतं. वर दुधानं पोट भरतं, म्हणून भाकरी-उसळ पोटात जात नाही. आणि त्यातल्या कॅल्शियममुळे बाकीच्या अन्नातलं लोहही नीट शोषलं जात नाही. मामा म्हणाले, आम्ही दुधावरच वाढलो. बाई म्हणाल्या, "मामा, तुम्ही दुधाबरोबर भाकरी, मटकी, मटण खात होता. ही नुसतं दूधच पिते." यावर मामा गप्प बसले. बारा महिने मी जे सांगून दमले असते, ते त्या एका बैठकीत झालं.

त्यानंतर दूध 500 मिलीच्या आत आणि तेही उकळूनच, कारण कच्च्या दुधातून क्षय आणि ब्रुसेलोसिससारखे आजार येतात. रात्रीची बाटली बंद. मोड आलेल्या मटकीवर लिंबू पिळायचं. मटणाचा नुसता रस्सा नाही, तर मऊ शिजलेलं मटण बारीक करून द्यायचं. गुळानं रक्त वाढतं या भरवशावर राहायचं नाही. लोहाचं औषध दुधाबरोबर द्यायचं नाही, शी काळी झाली तर घाबरायचं नाही, आणि हिमोग्लोबिन वर आलं तरी सांगितलेले महिने पुरे करायचे. हे सगळं सासूबाईंनी वहीत लिहून घेतलं आणि काटेकोर पाळलं. पोपडे चाटणं आधी थांबलं, भूक नंतर आली.

आमचीच मुलगी जगावेगळी होती असंही नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या 68.9 टक्के मुलांत ॲनिमिया निघाला. अंगणवाडीत आणि आशाताईंकडे लोहाचं सिरप फुकट मिळतं. आठवड्यातून दोनदा 1 मिली द्यायचं असतं, तरी पेठेतली शिकलेली घरं ते घेत नाहीत.

तुम्ही नावं विचारली नाहीत ते बरं, मीही देणार नाही. वजन-उंचीचा आलेख काढून दाखवतात का, प्रश्न विचारल्यावर चिडतात का, एवढं बघा. एक राहिलंच: मूल धापा टाकतंय, लघवी होत नाही, सुस्त पडलंय, तर असा सल्ला शोधत बसू नका. जवळचं हॉस्पिटल नाहीतर सीपीआर, म्हणजे कोल्हापुरातलं छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय, गाठा. आणि लसी टाळायला सांगणारा कितीही गोड बोलला तरी त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका.

आमच्या थोरल्या जाऊबाई अजून म्हणतात, डॉक्टरनं पोरीचं दूध तोडलं. तोडलं नाही, मोजून द्यायला लावलं. त्यांचा धाकटा आता दीड वर्षाचा आहे आणि बाटली तोंडातून निघत नाही. त्याचं हिमोग्लोबिन एकदा तपासून घ्या, एवढंच माझं म्हणणं आहे.