‘मागास सुसंगत’ नको, मग काय?

प्रश्न असा: युनिक्सच्या आज्ञांविषयी मराठीत लिहिताना ‘बॅकवर्ड कम्पॅटिबल’ला (म्हणजे नव्या आवृत्तीतही जुनं चालत राहणं) ‘मागास सुसंगत’ म्हणावं का? आणि ‘कॉन्फिगरेशन’ला काय म्हणावं?

‘मागास’ आधी बाद करू. मराठीत मागास म्हणजे प्रगतीत मागे पडलेला, आधीच्या काळातला नव्हे. नुसतं ‘मागे’ घेतलं तरी घोटाळा राहतोच. ‘मागे एकदा भेटलो होतो’ म्हणजे पूर्वी, पण ‘मागाहून कळवतो’ म्हणजे नंतर! ‘पूर्व’ला ही अडचण नाही. पूर्वज, पूर्वतयारी, पूर्वसूचना, सगळं आधीचंच. म्हणून विशेषण हवं तिथे मी ‘पूर्वसुसंगत’ लिहितो.

तरी ‘सुसंगत’मध्ये एक उणीव आहे. सुसंगती दोन्हीकडून सारखी असते, आणि इथे तर सगळा भार नव्यावर असतो. ओळींचा क्रम लावणाऱ्या ‘सॉर्ट’ या आज्ञेचंच बघा. दुसऱ्या रकान्यापासून क्रम लावायला पूर्वी ‘सॉर्ट +१’ लिहीत, म्हणजे एक रकाना सोडून पुढून बघ. नव्या पद्धतीत तेच ‘सॉर्ट -के २’ झालं. युनिक्सच्या आज्ञा कशा वागाव्यात हे ठरवणाऱ्या पॉसिक्स मानकाने २००१मध्ये जुनी पद्धत काढून टाकली, आणि तिथे ‘+१’ म्हणजे चक्क फाइलचं नाव ठरलं. जीएनयूच्या (लिनक्सवर सहसा याच प्रकल्पाच्या आज्ञा असतात) सॉर्टने मग निवड वापरणाऱ्यावर सोपवली. ‘_पॉसिक्स२_व्हर्जन’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (आज्ञा चालताना वाचते ते, वापरणाऱ्याने भरलेलं मूल्य) १९९२०९ भरलं की ‘+१’ला जुना अर्थ, २००११२ भरलं की नवा.

हे जे सॉर्ट करतो त्याला मराठीत नेमकं क्रियापद आहे: चालवून घेणं. ‘नवा सॉर्ट जुनी आज्ञा चालवून घेतो.’ कोण कोणासाठी सोसतंय ते लगेच कळतं, आणि ‘असं लिहा असं सांगणार नाही, पण लिहिलंत तर अडवणारही नाही’ ही छटाही त्यात आहे. मला हा शब्द फार आवडतो. मात्र तो सरसकट वापरू नये. चालू प्रोग्राम दाखवणाऱ्या लिनक्सच्या ‘पीएस’ या आज्ञेला बीएसडी (युनिक्सची एक शाखा) वळणाचं, डॅश नसलेलं ‘एयूएक्स’ दिलं काय किंवा ‘-ईएफ’ दिलं काय, दोन्ही रीतसर मान्य आहेत. तिथे ‘दोन्ही चालतात’ एवढंच म्हणावं.

‘कॉन्फिगरेशन’ला ‘संरूपण’ वगैरे शब्द सुचवले जातात, पण बोलण्यात ‘सेटिंग’ रुळलंय आणि मला ते खटकत नाही. मराठीच हवा असेल तर ‘जुळवणी’ घ्या.

आता एक बारकावा. ‘सुसंगत’ला ‘-शी’ लागतो, आणि तो लिहिताना गाळू नये. २०१६मध्ये जीएनयू कोअरयुटिल्स या आज्ञासंचाच्या ८.२५ आवृत्तीपासून फाइलींची यादी देणारा ‘एलएस’ टर्मिनलवर (आज्ञा टाइप करायच्या पडद्यावर) मोकळी जागा असलेली नावं अवतरणचिन्हांत दाखवू लागला. कित्येकांना ते रुचलं नाही. पण तेच आउटपुट पाइपमधून (एका आज्ञेचं आउटपुट दुसरीला जोडणारी सोय) दुसऱ्या आज्ञेकडे गेलं तर अवतरणं येत नाहीत, नावं पूर्वीसारखीच जातात. मग हा एलएस पूर्वसुसंगत आहे का? पाइप लावणाऱ्या जुन्या स्क्रिप्टशी आहे, टर्मिनलवर वाचणाऱ्याच्या सवयीशी नाही. जुनं रूप हवं असणाऱ्याने ‘-एन’ (कॅपिटल एन) द्यावा, किंवा ‘कोटिंग_स्टाइल’ या व्हेरिएबलमध्ये ‘लिटरल’ भरून ठेवावं. तुमच्या लेखात हे वाक्य असं बसेल: ‘एलएसचं नवं वागणं पाइपवरच्या वापराशी पूर्वसुसंगत आहे, टर्मिनलवर जुनं रूप हवं असेल तर जुळवणी बदला.’