वय २२, मिशी विरळ, नाकाखाली फट. रोज वस्तरा फिरवला तर दाट होईल का? आणि टोकं वर वळवायला कोणतं तेल लावू?

नाही होणार. हा सल्ला तुम्हाला घरातल्याच कुणीतरी दिला असणार. आमच्याकडे तो मान थोरल्या भावाचा.

दादाला कॉलेजात जायच्या आधीच झुपकेदार मिशी. माझं मिसरूड कडांना ठीक आणि मधोमध फट, तुम्ही लिहिलंय तसंच. "रोज उलटा वस्तरा मार, माझी तशीच आली," हे त्याचं पालुपद. मी दाद दिली नाही. नेटाने वाढवली, बाजूचे केस लांबून फट जवळजवळ झाकली गेली. मग एका लग्नाच्या आदल्या दिवशी दोघं सलूनमध्ये गेलो. मी तोंडाला फेस लावून डोळे मिटून पडलेलो, आणि दादाने मागून कारागिराला खूण केली. ओठावर गार पातं लागलं म्हणून डोळे उघडले, तोवर डावी बाजू साफ. अर्धी मिशी घेऊन कोण उठणार? उजवीही गेली. वर हा हसतोय, "आता बघ कशी दाट येते!" त्या लग्नाच्या प्रत्येक फोटोत माझा वरचा ओठ सोललेल्या बटाट्यासारखा दिसतो.

आली ती जशीच्या तशी. तेच कोपरे, तीच फट. वेगळी येईलच कशी? केसाचं मूळ कातडीच्या आत, वस्तरा फिरतो वरून. न कापलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं, कापलं की बोथट होतं, म्हणून खुंट राठ लागतात आणि दाट वाटतात. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ बाईंनी १९२८ मध्येच प्रयोग करून सांगितलं होतं की दाढी केल्याने केसांच्या वाढीत फरक पडत नाही. मी ते दादासमोर ठेवलं. "बाईला मिशीतलं काय कळतं?" संपला विषय.

दादाची मिशी भरली ती वयाने. त्या वयात वस्तऱ्याला हात न लावणाऱ्यांचीही भरते. हा संप्रेरकांचा आणि आनुवंशिकतेचा मामला आहे, त्यातही सख्ख्या भावांचं सारखं असेलच असं नाही. बऱ्याच जणांची पंचविशीनंतरही भरत राहते, तेव्हा २२ व्या वर्षी रडू नका.

तुम्ही एवढंच करा: हात लावू नका. महिन्याला जेमतेम सेंटिमीटरभर वाढते, त्यामुळे मधले काही आठवडे ध्यान दिसणारच. लोक बोलतील, बोलू द्या. केस ओठावर आले की कंगव्याने सरळ खाली विंचरा आणि छोट्या कात्रीने मधून कडेकडे ओठाच्या रेषेत कापा. कोरडे असतानाच. ओले केस लांब दिसतात, वाळले की वर चढतात आणि मग तुम्ही आरशासमोर शिव्या घालत बसता. ट्रिमर मिशीच्या मध्यावर नेऊच नका. आणि खुर्चीत बसताना 'मिशीला हात लावायचा नाही' हे आधी सांगा, सोबत कोणीही आलेलं असो.

तेलाने टोकं उभी राहत नाहीत. तेल फक्त मऊ करतं. त्यासाठी मेणाचं वॅक्स लागतं: नखाने थोडंसं खरवडायचं, चिमटीत चोळून पातळ करायचं, मधून बाहेर लावत न्यायचं आणि शेवटी टोकाला पीळ द्यायचा. पण टोक वळण्याइतकं लांब हवं, म्हणजे आणखी काही महिने थांबणं आलं.

हो, एक राहिलं. फट पहिल्यापासून असेल तर वरचं सगळं लागू. पण आधी भरलेल्या मिशीत अचानक गोल चकती पडली असेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. मिनॉक्सिडिल लावून काहींना फायदा होतो, पण ते लावायचं औषध डोक्यावरच्या केसांसाठीचं आहे, तेव्हा तेही त्यांनाच विचारून. दादाला नको.