बिनपावतीचे १८० रुपये

मी समुपदेशक. मार्चअखेर आली की माझ्याकडे सामाजिक संस्थांचे हिशेब बघणारे कुणी ना कुणी येतातच. संस्था वेगवेगळ्या, दुखणं तेच. "बाकीचे माणसांसाठी राबतात, मी कागद अडवत बसते. मी निर्दय झालेय का हो?" परवा पुन्हा हेच ऐकलं, म्हणून लिहायला घेतलं. दोन-तीन जणींच्या हकिगती इथे एकत्र केल्या आहेत. ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

या बाई बेघरांसाठी रात्रनिवारे चालवणाऱ्या संस्थेत लेखापाल. आधी मार्केट यार्डातल्या एका पेढीवर होत्या, टॅलीवर हात बसलेला. त्यांची झोप उडाली होती १८० रुपयांवरून.

हडपसरच्या बाजूच्या निवाऱ्यातल्या एका आजोबांचा पाय सुजून काळा पडला होता. रात्री दीड वाजता १०८ ला फोन केला तर गाडी लांब होती. रात्रपाळीच्या काळजीवाहकाने रिक्षा केली आणि त्यांना ससून रुग्णालयात नेलं. पैसे खिशातून दिले. महिनाअखेरीला मागितले तेव्हा बाईंनी व्हाउचर, म्हणजे खर्चाची नोंद केलेला कागद, परत केलं, पावती जोडलेली नव्हती. तो एवढंच म्हणाला, "मॅडम, तुमच्या व्हाउचरला माणूस दिसत नाही." त्यानंतर त्याने एकही खर्च मागितला नाही.

"आजोबांचं काय झालं?" मी विचारलं.

"पायाची दोन बोटं गेली. वाचले."

"मग आता कशाचं वाटतं?"

"पुढच्या वेळी तो रिक्षा करेल का, याचं."

प्रश्न रास्त होता. पण बाईंनी त्यावर काढलेला उपाय घातक होता. रविवारी निवाऱ्यात जाऊन खिचडी वाढायची, पदरचे पैसे घालून चादरी द्यायच्या आणि आठवडाभर समोर येईल त्या कागदावर सही करायची. त्यात किराण्याचे १४ हजार एकाच दुकानदाराला एकाच दिवशी रोख गेले. एका माणसाला एका दिवसात १० हजारांवर रोख दिली तर तो खर्च संस्थेच्या करसवलतीच्या हिशेबात धरला जात नाही, हे त्यांना पाठ होतं. एकाच हस्ताक्षरातली, गोल आकड्यांची पाच बिलंही त्यांनी पास केली. ऑडिटरने दोन्हींवर बोट ठेवलं तेव्हा त्या माझ्याकडे आल्या.

मी अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाच्या वाटेने जाणारा. भावना बदलायची तर तिच्याखालचं वाक्य आधी सापडावं लागतं, असं मानतो. नुसतं मन मोकळं करा म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. मोकळं केलेलं मन आठवड्यात पुन्हा भरतं. बाईंचं वाक्य चौथ्या भेटीत हाती लागलं, आणि तेही काळजीवाहकाचं बोलणं बाजूला ठेवून मी हिशेबाचंच विचारत गेलो म्हणून.

"त्याचा पगार कुठे लिहिता?"

"कार्यक्रम खर्चात, म्हणजे थेट कामाच्या."

"स्वयंपाकाच्या मावशींचा?"

"तोही कार्यक्रम."

"तुमचा?"

"प्रशासकीय." त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच ठेवला. "दरवर्षी बजेट करताना हाच आकडा कमी करून दाखवायचा असतो. म्हणजे मलाच."

मी गप्प राहिलो. अशा वेळी समुपदेशकाने बोलायचं नसतं, हे शिकायला वर्षं लागतात.

संस्थांबाहेरच्या वाचकाला यातली मेख सांगायला हवी. परदेशी देणगीच्या २०१० च्या कायद्यात प्रशासकीय खर्चाला आधी ५० टक्क्यांची मर्यादा होती, २०२० च्या दुरुस्तीने ती २० वर आली. निधीचा हिशेब ठेवण्याचा खर्च नियमांत प्रशासकीयच धरलेला आहे. देशी देणगीदारही पहिल्याच बैठकीत विचारतात, "ॲडमिनवर किती जातं?" वर्षानुवर्षं हा रकाना स्वतःच्या हाताने भरणाऱ्या माणसाच्या मनात काय मुरत असेल? 'मी म्हणजे बेघरांच्या ताटातून कापलेला पैसा.' वाक्य हे होतं. काळजीवाहकाच्या बोलण्याने त्याला फक्त काडी लावली.

"महापालिकेचा दुसरा हप्ता कशावर येतो?"

"पहिला कुठे खर्च झाला, त्याच्या उपयोगिता प्रमाणपत्रावर."

"ते कोण तयार करतं?"

"मी."

"ते अडलं तर?"

"किराणावाला दोन महिने थांबतो. तिसऱ्या महिन्यात नाही." मग स्वतःशीच, "म्हणजे खिचडी मी रविवारीच वाढते असं नाही."

हे त्यांनी म्हणणं आणि मी म्हणणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आजोबांच्या पायाचं वाईट वाटणं जायला नकोच, ते माणूसपणाचं आहे. रकान्याने लादलेला अपराधभाव तेवढा उतरवायचा होता.

पण १८० रुपयांचं काय? व्हाउचर परत करणं नियमाप्रमाणे बरोबर होतं, चूक होती ती संस्थेकडे अशा खर्चाला जागाच नसण्यात. आणि जागा करणं हे लेखापालाचंच काम. इथून पुढच्या भेटींत आम्ही भावनांवर कमी आणि पेटी कॅशवर, म्हणजे किरकोळ खर्चासाठी हाताशी ठेवायच्या रोखीवर, जास्त बोललो. काही सहकाऱ्यांना हे समुपदेशन वाटणार नाही.

बाईंनी विश्वस्तांकडून ठराव करून घेतला. रिक्षा, हजामत, आधारसाठी फोटो-झेरॉक्स असले खर्च बिनपावतीचे चालतील, एका वेळी ३०० रुपयांपर्यंत. पैसे सर्वसाधारण देणग्यांतून, कारण ठरावीक कामासाठीच मिळालेल्या बांधील अनुदानात असा खर्च घातला की तो नामंजूर होऊन पुढचा हप्ता लटकतो. प्रत्येक निवाऱ्यात ३,००० रुपये ठेवायचे, हजार उरले की खर्च झाले तेवढेच पुन्हा भरायचे. कधीही पेटी उघडा, रोख अधिक व्हाउचर मिळून ३,००० भरलेच पाहिजेत.

रिक्षावाला पावती देत नाही हे खरं, पण भाडं पडताळता येतं. व्हाउचरवर वेळ, कुठून-कुठे, किलोमीटर आणि रिक्षाचा नंबर असला की मीटरच्या दराशी ताळा होतो. रात्री बारानंतर सव्वापट धरायचं. ससूनच्या केसपेपरचा नंबर लिहिला की फेरी खरी झाली याचा पुरावाही मिळतो. आजाऱ्याचं नाव मात्र लिहायचं नाही, निवाऱ्याच्या नोंदवहीतला क्रमांक लिहायचा. कुणाचं व्यसन, कुणाचा आजार ऑडिटच्या फायलीतून फिरू नये.

बिघडतं ते ठरलेल्या जागी. पाळी बदलताना रोख न मोजणं, 'असू दे' म्हणून कोऱ्या व्हाउचरवर आधीच सह्या करून ठेवणं, दोन निवाऱ्यांची पेटी एक करणं. सगळ्यात वाईट म्हणजे महिनाअखेरीला आठवून लिहिणं. गोल आकडे तिथूनच येतात. आता व्हाउचरचा फोटो त्याच रात्री बाईंच्या मोबाइलवर येतो.

जुने १८० रुपये त्या पर्समधून देणार होत्या. मी अडवलं. पदरचे दिले असते तर ती माफी झाली असती, आणि काळजीवाहकाला माफी नको होती, हक्काचे पैसे हवे होते. संस्थेच्या पेटीतून दिले, सही घेऊन.

शेवटच्या भेटीत त्यांनी सांगितलं की रविवारची खिचडी बंद केली आहे. महिन्यातून एकदा सकाळी पाळी बदलते तेव्हा निवाऱ्यात जातात, पेटी मोजतात, चहा पितात. त्याच आठवड्यात त्याच काळजीवाहकाचं २२० रुपयांचं व्हाउचर त्यांनी परत केलं होतं. वेळ आणि केसपेपरचा नंबर नव्हता. तो कुरकुरला आणि दुपारी केसपेपर शोधून घेऊन आला.

"त्या रात्री झोप?"

"दहालाच लागली."