कार्यकारी अग्र: धनाग्र की ऋणाग्र?

बडोद्यात एम.एस्सी. करणाऱ्या एका मुलीचा प्रश्न आला आहे. मराठी मंडळाच्या अंकासाठी ती आपल्या प्रयोगावर लिहिते आहे. चक्रीय व्होल्टॅमेट्रीत विभव (विजेचा दाब) चढवत-उतरवत प्रवाह मोजतात. तिथल्या वर्किंग इलेक्ट्रोडला, म्हणजे ज्या अग्रावर अभिक्रिया घडते त्याला, धनाग्र म्हणायचं की ऋणाग्र?

दोन्ही नको. ॲनोड म्हणजे धनाग्र हे शाळेतलं समीकरण मुलामा देण्याच्या टाकीत बरोबर जुळतं. पण टॉर्चचा साधा सेल घ्या. त्यातली जस्ताची डबी हे ऋण टोक, आणि सेल वीज देत असताना ॲनोडही तीच. म्हणजे ऋण टोकालाच धनाग्र म्हणायची पाळी येते! धन-ऋण हे चिन्ह झालं. ॲनोड-कॅथोड क्रिया सांगतात. ऑक्सिडीकरण (इलेक्ट्रॉन देणं) होतं तो ॲनोड, क्षपण (इलेक्ट्रॉन घेणं) होतं तो कॅथोड.

मायकेल फॅरेडेने १८३४ मध्ये हे शब्द वापरात आणले, ते विल्यम ह्यूएल या विद्वानाला विचारून. ग्रीकमध्ये त्यांचा अर्थ वर जाणारी आणि खाली जाणारी वाट. डोळ्यांसमोर होता सूर्याचा उदयास्त. विजेबद्दलच्या कल्पना उद्या बदलल्या तरी शब्द टिकावेत, ही फॅरेडेची दृष्टी मला फार मोलाची वाटते. 'धनाग्र' शब्दात नेमकी तीच निसटली.

आता तुझा प्रयोग. ॲसिटोनायट्राइल या द्रावकात फेरोसीन हे लोहाचं संयुग, जोडीला वीज वाहण्यापुरता क्षार. विभव शून्यापासून ०.८ व्होल्टपर्यंत चढवलं की फेरोसीन एक इलेक्ट्रॉन देऊन फेरोसिनियम होतं आणि आलेखावर शिखर उमटतं. इथे तुझं अग्र ॲनोड. परतताना फेरोसिनियम इलेक्ट्रॉन परत घेतं, उलट दिशेचं शिखर येतं आणि तेच अग्र कॅथोड होतं. गंमत अशी की संदर्भ अग्राच्या (ज्याच्याशी ताडून विभव मोजतात त्या अग्राच्या) तुलनेत विभव अजून धनच असतं. मग ऋणाग्र कसं म्हणणार? इलेक्ट्रॉनांची देवाणघेवाण झटपट होत असेल तर २५ अंश सेल्सिअसला दोन शिखरांत सुमारे ५९ मिलिव्होल्टचं अंतर राहतं.

म्हणून अग्राला 'कार्यकारी अग्र' म्हण आणि शिखरांना 'ॲनोडी' व 'कॅथोडी'. पुढे उत्प्रेरकावर लिहिशील तेव्हा हीच नावं उपयोगी पडतील. कार्बन डायऑक्साइडचं क्षपण करणारा उत्प्रेरक चांगला चालला की कॅथोडी प्रवाह वाढतो आणि परतीचं ॲनोडी शिखर बसतं किंवा दिसेनासं होतं, कारण क्षपण झालेला उत्प्रेरक आपला इलेक्ट्रॉन आधीच कार्बन डायऑक्साइडला देऊन मोकळा झालेला असतो.