प्रार्थनेतलं 'ऋण सोड' म्हणजे नेमकं काय?

एका ताईंनी विचारलंय, त्या इथेच पुण्यात एका चर्चमधे संडे स्कूल घेतात. प्रभूच्या प्रार्थनेत, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेत, "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड" अशी ओळ आहे, त्यावर सातवीतल्या एका मुलीने त्यांना अडवलं की टीचर, ऋण तर फेडतात ना, सोडतात कसं? आणि इंग्रजी प्रार्थनेत आम्ही 'ट्रेसपासेस' (अपराध) म्हणतो, मग मराठीत ऋण कुठून आलं? ताईंना वाटतंय की त्यापेक्षा सरळ 'पापांची क्षमा कर' असंच शिकवावं, चालेल का?

चुकीचं नाही, ही प्रार्थना बायबलमधे लूक आणि मत्तय अशा दोन शुभवर्तमानांत आहे आणि लूकमधे पापांची क्षमा असंच आहे. पण मत्तयातलं 'ऋण सोड' काढून टाकू नका, फार मोलाची गोष्ट हातची जाईल.

आधी 'सोड'. त्या मुलीला एकदा मंडईत घेऊन जा. पंच्याऐंशी रुपयांची भाजी झाली की आपण म्हणतो "मावशी, वरचे पाच रुपये सोडा की", तेच हे सोडणं. ज्याचं येणं आहे त्यानेच ते घ्यायचं नाही असं ठरवायचं. ऋण फेडतो तो ऋणको आणि सोडतो तो धनको, क्रियापद बदललं की माणूसच बदलतो. 'आमची ऋणे आम्हांस सोड' ही रचना आता कानाला जुनी वाटते पण 'त्याला पाच रुपये सोडले' हे आपण आजही म्हणतोच की.

आता ऋण का. येशू अरामी बोलायचा आणि अरामीत 'होबा' हा एकच शब्द देणं आणि पाप दोन्हींना चालतो. मत्तयाच्या ग्रीकमधेही शब्द देण्याघेण्यातलाच आहे. 'ट्रेसपासेस' इंग्रजीत टिंडेलच्या 1526 च्या बायबल भाषांतरातून आणि पुढे प्रार्थनापुस्तकातून रुजलं, 1611 च्या किंग जेम्स बायबलमधे मात्र मत्तयात 'डेट्स' म्हणजे ऋणंच आहे. म्हणजे आपली मराठी ओळ मुळाच्या जवळची आहे. आणि 'कर्ज' न घेता 'ऋण' घेतलं हे तर फारच छान झालं, कारण कर्ज बँकेचं असतं पण ऋण आईवडिलांचंही असतं, शेजाऱ्याचंही असतं, ज्याच्याशी वाईट वागलो त्याचंही राहतं. (फक्त आता 'मी आपला ऋणी आहे' हे आभार मानताना म्हणतात, त्यामुळे 'आमच्या ऋण्यांस' म्हणजे 'जे आमचं देणं लागतात त्यांना' हे मुलांना फोडून सांगावं लागेल.)

आपल्या पुणे जिल्ह्याला तर हा शब्द समजावून सांगायची गरजच पडू नये. देहूला तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली असं परंपरा सांगते, आणि 1875 च्या मे महिन्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खतं हिसकावून जाळली, तिथून दख्खनचे दंगे पेटले. खत दोन्हीकडे नाहीसं झालं पण सुप्याला ते ऋणकोने जाळलं आणि देहूला धनकोने स्वतःच्या हाताने पाण्यात सोडलं. प्रार्थनेतलं सोडणं देहूचं आहे.

मला स्वतःला या ओळीत सगळ्यात जड जातं ते 'सोडले आहे' मधलं 'आहे'. सोडतो नाही, सोडू नाही, सोडले आहे. ग्रीकच्या सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत असंच, झालेल्या गोष्टीचं रूप आहे, नंतरच्या बऱ्याच प्रतींत 'सोडतो' आलं. मी एका नातेवाइकाला बऱ्यापैकी रक्कम दिली होती, ती परत आली नाही, आणि पैशापेक्षा तो नंतर लग्नकार्यात तोंड चुकवायला लागला याचा राग जास्त होता, आणि मी दर रविवारी ही ओळ मोठ्याने म्हणत होतो, बरीच वर्षं. एका रविवारी 'आहे' वर जीभ अडखळली, कारण मी काहीच सोडलं नव्हतं, मनातली वही तशीच होती, तारखेसकट. त्या संध्याकाळी त्याला फोन केला, पैशाचा विषय काढला नाही, नुसतं घरी जेवायला ये म्हटलं. दीड हजार वर्षांहून जुन्या हस्तलिखितातलं एक क्रियारूप सिंहगड रोडवरच्या फ्लॅटमधे येऊन असं काम करतं, मला याचं अजून नवल वाटतं.

येशूने पुढे मत्तयाच्या 18 व्या अध्यायात याचाच दाखला दिलाय, एका चाकराला राजा दहा हजार तालांत सोडतो आणि तोच चाकर सोबतीचा शंभर दिनारांसाठी गळा धरतो. दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि तालांत म्हणजे साधारण सहा हजार दिनार, म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी सुटली आणि शंभर दिवसांची सुटेना. हे गणित मुलांना फळ्यावर करायला लावा.

अजून एक, हे मराठीत ऐकू येतं. पुढच्याच वाक्यात 'आम्हांला वाइटापासून सोडव' आहे. ग्रीकमधे ही दोन वेगळी क्रियापदं आहेत, मराठीत सोड आणि सोडव शेजारी शेजारी येतात, एकाच धातूची. रोज म्हणणाऱ्याच्या कानात ते जोडलं जातंच.

आणि शेवटी अरामीकडे. सुरियानी, म्हणजे अरामीच्याच एका शाखेतल्या प्रार्थनेत 'सोड'साठी 'श्बक' हा धातू आहे, अर्थ सोडणे, जाऊ देणे. वधस्तंभावर येशूने "एली, एली, लमा सबखथनी" म्हटलं त्यातलं 'सबखथनी' याच धातूचं. माझ्या देवा, तू मला का सोडलंस. मराठीतही सोडणं दोन्हीकडे चालतं, देणं सोडणं आणि माणसाला एकटं सोडणं. आमचं सुटावं म्हणून तो सोडला गेला, हे मी या एका शब्दावरून शिकलो. सातवीच्या वर्गाला हे जड होईल का ते तुम्हीच ठरवा ताई, पण गुड फ्रायडेच्या आठवड्यात तरी सांगून बघा, त्या मुलीला नक्की कळेल.