लिस्बनमध्ये एक मोकळा दिवस आहे. निवांत खरेदी कुठे करावी? सोबत आई आहे, तिला चढ झेपत नाहीत.

आधी वर जा आणि खरेदी करत करत खाली या. बहुतेक लोक सकाळी नदीकाठच्या चौकातून सुरुवात करतात आणि दिवसभर चढत बसतात. मी इथेच राहते. घरून कोणी आलं की मी त्यांना उलट्या दिशेने फिरवते, त्यामुळे संध्याकाळपर्यंत कोणाच्या गुडघ्यांची तक्रार नसते. फक्त रविवार टाळा, जुनी छोटी दुकानं त्या दिवशी बंद असतात.

मेट्रोने बायशा-शियाडोला उतरा आणि शियाडो या वरच्या भागाच्या बाजूने बाहेर पडा. एकापुढे एक सरकते जिने आहेत, डोंगर तेच चढवून देतात. वर आल्यावर दोन मिनिटांवर रुआ दो लोरेतो (रुआ म्हणजे रस्ता). तिथे १७८९ पासून चालत आलेलं मेणबत्त्यांचं दुकान आहे, काझा दास वेलास लोरेतो. त्याच रस्त्याच्या तोंडाशी मांतेगारिया या बेकरीमध्ये पाश्तेल द नाता, म्हणजे कस्टर्ड भरलेला छोटा टार्ट, गरम मिळतो. नवा घाणा निघाला की घंटा वाजवतात. आई अंडं खात नसतील तर आधीच सांगा, आतलं सारण अंड्याच्या पिवळ्या बलकाचं असतं.

मग रुआ गॅरेटवर बर्ट्रांड, १७३२ मध्ये सुरू झालेलं पुस्तकांचं दुकान. पोर्तुगीज येत नसलं तरी आतल्या खोल्यांमधून एक चक्कर माराच.

पण वेळ राखून ठेवा तो रुआ दो कार्मोवरच्या लुव्हारिया उलिसेस या हातमोज्यांच्या दुकानासाठी. १९२५ चं दुकान, इतकं चिंचोळं की दोन-तीन माणसं आत गेली की बाकीचे बाहेर रांगेत. काउंटरवर छोटी उशी असते, तिच्यावर कोपर टेकवायचं. विक्रेता लाकडी चिमट्याने हातमोज्याचं एकेक बोट सैल करतो, आत थोडी पावडर टाकतो आणि मग तुमच्या बोटांवर तो हळूहळू खाली ओढत बसवतो. घाई अजिबात नाही. आपल्याकडे चामड्याचे हातमोजे कोण घालणार, हे खरं. पण थंड देशात कोणी नातेवाईक असेल तर याहून चांगली भेट मला माहीत नाही. १९८८ च्या ऑगस्टमधल्या आगीत याच भागातल्या कितीतरी इमारती जळाल्या. त्यातून वाचलेलं हे दुकान आजही चालू आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

कार्मो उतरलात की रोसियो चौक, आणि इथून पुढे सगळं सपाट. हा बायशा भाग १७५५ च्या भूकंपानंतर सरळ रेषांत नव्याने वसवला आणि रस्त्यांना धंद्यांची नावं दिली: सोन्याचा, चांदीचा, चांभारांचा. रुआ औगुश्ता सगळ्यांत गजबजलेला, पण तिथे मॅग्नेट आणि टोप्यांपलीकडे फारसं काही नाही. बुचाच्या (कॉर्कच्या) पर्स, पाकिटं मात्र जरूर बघा. जगातलं जवळपास निम्मं बूच पोर्तुगालमध्ये निघतं. झाड न तोडता दर नऊ वर्षांनी साल काढतात. वस्तू हलक्या, त्यामुळे बॅगेच्या वजनाचीही चिंता नाही.

आईंना रुआ दा कॉन्सेसांववर न्याच. बटणं, लेस, दोरे, फिती यांची चिमुकली दुकानं तिथे ओळीने आहेत. भिंतभर खोके आणि प्रत्येक खोक्यावर आतल्या बटणाचा नमुना. भाषेचं काही अडत नाही, ब्लाउजचा तुकडा दाखवला की मॅचिंग बटण समोर येतं. समोरून अठ्ठावीस नंबरची ट्राम जाते. तिच्यात गर्दी आणि पाकीटमार दोन्ही असतात, त्यामुळे ती बाहेरूनच बघितलेली बरी.

शेवटी रुआ दोश बाकाल्योएरोश, तिथे १९३० ची कॉन्सेरवेइरा द लिस्बोआ. सार्डिन, ट्यूना, मॅकरेलचे डबे लाकडी फळ्यांवर छतापर्यंत रचलेले. घेतलेला डबा कागदात गुंडाळून सुतळीने बांधून देतात. तेलातले डबे चेक-इन बॅगेतच टाका. इथून नदी अगदी जवळ आहे.

चपला घसरणाऱ्या नकोत. पदपथांवरचे पांढरे चुनखडीचे दगड झिजून गुळगुळीत झालेत आणि पावसात फारच निसरडे होतात.

मंगळवार किंवा शनिवार असेल तर फेइरा दा लाद्रा हा जुना बाजार भरतो, पण तो दुसऱ्या टेकडीवर, टॅक्सीनेच जा. चिनी मातीची भांडी, तांब्या-पितळेच्या वस्तू हव्या तेवढ्या घ्या, सुट्या जुन्या टाइल्स मात्र कृपा करून घेऊ नका. त्यांतल्या कित्येक इमारतींच्या दर्शनी भिंतींवरून चोरून उपटलेल्या असतात आणि गिऱ्हाईक आहे तोवर ती चोरी थांबणार नाही. टाइल हवीच असेल तर सकाळी शियाडोत असतानाच रुआ दो आलेक्रिंवर सांताना या १७४१ पासूनच्या कारखान्याच्या दुकानात जा. तिथे हाताने रंगवलेली नवी मिळते.